कळव्याचा जुना दगडी पूल हाच १८५४ चा रेल्वे पूल आहे का?

चेंदणीकर:
नमस्कार. ठाण्याच्या कारागृहाजवळचा, आता वाहतुकीला बंद असलेला कळव्याचा दगडी पूल हाच देशातला पहिला रेल्वे पूल, असे माझे आजोबा सांगत. नव्या पुलावरून जाताना मी तो रोज पाहतो. पण रूळ तर तिथून बऱ्याच अंतरावरून खाडी ओलांडतात. आजोबांचे म्हणणे कितपत खरे मानावे?

खारकर आळीकर:
हे दोन वेगळे पूल आहेत. दोन्ही दगडी कमानींचे आणि एकाच खाडीवरचे, त्यामुळे गल्लत होते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून आगगाडी ठाण्यास आली आणि १ मे १८५४ रोजी लोहमार्ग कल्याणला पोचला. त्यासाठी ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांच्या देखरेखीखाली खाडीवर जो पूल झाला, तो पहिला रेल्वे पूल. त्याच्या दगडी कमानींच्या मध्ये गलबतांना वाट राहावी म्हणून लोखंडी तुळयांचा एक रुंद गाळा ठेवला होता. कळव्याचा पूल रस्त्याचा, आणि नंतरचा.

या साऱ्यात किल्ल्याला विसरू नये, असे मला मनापासून वाटते. आज ज्याच्या तटाआड कारागृह आहे, तो पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला किल्ला १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला आणि डिसेंबर १७७४ मध्ये तो इंग्रजांकडे गेला. सप्टेंबर १८१६ मध्ये इंग्रजांच्या कैदेत असलेले पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे याच किल्ल्यातून निसटले, तेव्हा खाडीवर पूल नव्हता, होड्याच होत्या. दोनच वर्षांत पेशवाई संपली, इंग्रज आणि पेशवे यांच्या मुलखांमधला खाडीचा अडसर राखण्याचे कारण उरले नाही, आणि म्हणूनच पुढे तिच्यावर पूल बांधण्याचा विचार होऊ शकला, असे माझे मत आहे.

कळवेकर:
वरील उत्तराशी सहमत. पूल बंद होण्याविषयी थोडी भर घालतो. अवजड वाहने आधीच थांबवली होती. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन कमानी पूल वाहून गेल्यावर हा पूलही पूर्ण बंद झाला. ओहोटीच्या वेळी खांब नीट पाहावेत: भरतीच्या रेषेपर्यंत कालवे चिकटलेली दिसतात आणि त्यावर सांध्यांतून पिंपळाची रोपे डोकावतात. कमानीचे दगड एकमेकांना रेटूनच उभे असतात, त्यामुळे मुळाने एक सांधा उकलला तरी शेजारच्या दगडांचा आधार सैल होतो. रोप वरून छाटले तर ते पावसाळ्यात पुन्हा फुटते. ते मुळासकट काढून सांधा चुन्यानेच भरावा लागतो, कारण सिमेंट ओल आत कोंडते आणि शेवटी दगडाचीच कड फुटते.