फ्रीलान्सरची गंगाजळी: किती आणि कुठे?

कोथरूडचा_कोडर:
वेब डेव्हलपमेंटची कामं घेतो. वर्षाची जमा साधारण 9 लाख, पण एक महिना 20 हजारांचा तर दुसरा दीड लाखाचा. घरखर्च 38 हजार. क्लायंट 10 टक्के टीडीएस (बिलातूनच आगाऊ कापला जाणारा आयकर) कापतात आणि बिल दोन-दोन महिने लटकवतात. सगळे म्हणतात सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा. सहाच का? आणि पतसंस्था व्याज जास्त देते, तिथे ठेवू का?

हिशेबनीस:
नवं काम मिळायला दोन महिने, ते पुरं करून बिल द्यायला एक, पैसे हातात यायला दोन. झाले पाच, एक वरकड. जुनी येणी यात धरू नका, काम थांबवणारा क्लायंट शेवटचं बिलही अडवतो.

38 हजारांत विम्याचे हप्ते, दिवाळी, गाडीचं काम धरलंय का? बहुतेक नसेल, गाडी नेमकी तिथेच अडते. हे समजा वर्षाला 54 हजार, म्हणजे महिना 4,500. एकूण 42,500, सहा महिन्यांचे 2,55,000.

जमा होणारं खातं वेगळं ठेवा. 1 तारखेला त्यातून 42,500 घरखर्चाच्या खात्यात, 'पगार' म्हणून. दीड लाखाच्या महिन्यातही तेवढेच. जमेच्या खात्यात आधी एका पगाराएवढी रक्कम साठू द्या, नाहीतर 20 हजारांच्या महिन्यात पहिला घाव गंगाजळीवर पडतो. टीडीएस वजा जाता सरासरी 67,500 येतात, म्हणजे महिना 25 हजार उरतात.

सीएची_पाटी:
कराचंही बघा. आयकराच्या 44एडीए कलमातल्या, व्यावसायिकांसाठीच्या अनुमानित पद्धतीत (खर्चाचा हिशेब न देता) 9 लाखांतले निम्मे, म्हणजे साडेचार लाख, उत्पन्न दाखवता येतं. दुसरं उत्पन्न नसेल तर नव्या करप्रणालीत कर शून्य. सगळ्या बिलांवर टीडीएस कापला असेल तर 90 हजार परतावा येतो. तो थेट गंगाजळीत टाका; उरलेले 1,65,000 सात महिन्यांत भरतात. फक्त 26एएस (तुमच्या नावावर भरलेल्या टीडीएसचा उतारा) तपासा. क्लायंटने टीडीएस कापला पण भरला नाही, तर तो तिथे दिसत नाही आणि परतावा अडकतो.

मिरजकर:
पतसंस्थेबद्दल: माझ्या मते ओळखीची आणि जुनी असेल तर हरकत नाही.

हिशेबनीस:
गंगाजळीसाठी हरकत आहे. बँकेतल्या ठेवीला व्याजासकट 5 लाखांपर्यंत ठेव विमा असतो, पतसंस्थेला तो नाहीच. आणि विमा असला तरी पैसे लगेच हातात येत नाहीत: सप्टेंबर 2019 मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीची काढण्याची मर्यादा 1,000 रुपये होती. सगळे पैसे एकाच बँकेत नकोत ते म्हणूनच.

वाटणी अशी करा. एक महिन्याचे पैसे दुसऱ्या बँकेच्या बचत खात्यात. त्याला यूपीआय जोडू नका. तीन महिन्यांचे एफडीत, पण 25,500-25,500 च्या पाच पावत्या करून. एकच मोठी पावती मोडली तर सगळ्या रकमेला जितके दिवस ठेवली तेवढ्या मुदतीचाच दर मिळतो, शिवाय बहुतेक बँका अर्धा ते एक टक्का दंड लावतात. बाकीचे लिक्विड फंडात (अगदी कमी मुदतीच्या रोख्यांत पैसे ठेवणारा म्युच्युअल फंड). विकल्यावर पैसे साधारण पुढच्या कामाच्या दिवशी येतात. सात दिवसांच्या आत विकलं तर किरकोळ एक्झिट लोड (लवकर काढल्याचं शुल्क) लागतो. सगळीकडे नॉमिनी लावा.

कोथरूडचा_कोडर:
बिलं लवकर वटवायचा काही कायदेशीर मार्ग?

सीएची_पाटी:
उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) करा, फुकट असते. काम हाती घेण्याआधी करा. मागून केलेली नोंदणी जुन्या बिलांना लागू पडत नाही. मग लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या पुढची मुदत चालत नाही, करार नसेल तर 15 दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक रेटच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. उद्यम क्रमांक बिलावर छापा. आणि 40 टक्के आगाऊ मागा. वसुलीची मुदत एका महिन्याने घटली की 42,500 कमी साठवावे लागतात.