मदत हवी आहे: स्पॅनिशमधल्या 'याबे'चे नक्की अर्थ किती?

मंडळी, नवऱ्याच्या प्रोजेक्टमुळे आम्ही मेक्सिकोत केरेतारोला राहतोय. माझं स्पॅनिश ॲपवरचं, त्यात 'याबे' (दोन एल, ए, व्ही, ई) म्हणजे चावी, शेजारी किल्लीचं चित्र, विषय संपला. मागच्या आठवड्यात घरमालकीणबाईंचा मेसेज आला, 'सिएर्रे बिएन ला याबे', मला वाटलं कुलूप नीट लावा म्हणतायत, म्हणून निघताना दोनदा किल्ली फिरवली, दार ओढून बघितलं, वर 'सी सेन्योरा' असं उत्तरही ठोकलं. शनिवार-रविवार फिरून येतो तर मागच्या धुण्याच्या जागेत नळाची बारीक धार चालू आणि गच्चीवरची टाकी (इथे तिनाको म्हणतात) ठणठणीत कोरडी! बाई नळाकडे बोट दाखवून 'ला याबे, ला याबे' करतायत तेव्हा कुठे ट्यूब पेटली.

त्यानंतर जिकडे तिकडे हाच शब्द ऐकू येतोय. नवऱ्याच्या प्लांटमध्ये पाना मागतात तोही याबे, टीव्हीवर ते मुखवटेवाले पैलवान एकमेकांचा हात पिळतात तो डावही याबे, आणि लेकीच्या कोडिंगच्या क्लासला महिरपी कंस म्हणजे याबेस. कॅफेत मात्र वायफायची 'याबे' मागितली तर पोरगा हसला, म्हणे 'क्लाबे'. मग 'कुलूप लावा' नेमकं कसं म्हणायचं आणि नळाला सगळीकडेच याबे म्हणतात का?

— टपटपनळ

प्रतिसाद १:
नाही, स्पेनमध्ये नळ म्हणजे 'ग्रिफो'. तिथे 'याबे दे पासो' म्हटलं तर ती अख्ख्या घराचं पाणी तोडायची चावी. अर्जेंटिनात नळाला 'कानिया', पण ब्युनोस आयरेसचे लोक दोन एलचा श करतात म्हणून कानिशा, आणि याबेचं शाबे, वर दिव्याचं बटण पण तेच, म्हणजे अजून एक अर्थ वाढला बघ. तुझा घोळ 'कोन'मुळे झालाय. 'सेर्रार ला याबे' म्हणजे नळ बंद करणं, 'सेर्रार कोन याबे' म्हणजे चावीने, म्हणजे कुलूप लावणं. मेसेजमध्ये 'कोन' नव्हता ना?

प्रतिसाद २:
याबे आणि क्लाबे सख्खी भावंडं आहेत, दोघं लॅटिन 'क्लाविस'ची. बोलण्यात झिजून झिजून याबे झाला, आणि क्लाबे नंतर पुस्तकी वाटेने आला म्हणून तो कोड, पासवर्ड, कोड्याचं उत्तर असल्या हाताला न लागणाऱ्या गोष्टींना. पोर्तुगीजांनी त्याच क्लचा च केला, तीच आपली चावी! आणि नळाचं एवढं आश्चर्य काय, मुंबईत पालिकेचं पाणी सोडणारा माणूस चावीवालाच की. आमच्या चाळीत तो आला नाही की सकाळी सहाला बोंबाबोंब.

टपटपनळ:
अय्या, 'कोन' खरंच नव्हता. चावीवाला तर डोक्यातच आला नाही, माझं माहेर लालबागचं असून! अजून एक, बाथरूममधल्या याबेवर सी लिहिलंय, मी कोल्ड समजून उघडते आणि रोज हात पोळतो, तो उलटा बसवलाय का?

प्रतिसाद १:
बरोबर बसवलाय गं. सी म्हणजे कालिएन्ते, गरम. गार हवं तर एफ, फ्रिआ.