यू-९ : बोटीचं कर्तृत्व की समोरच्यांची चूक?

दर्यावर्दी
पाणबुड्यांचा विषय निघाला की यू-९ आणि तिचा कप्तान ओटो वेडिगन यांचं नाव हमखास येतं. पहिल्या महायुद्धात, २२ सप्टेंबर १९१४ च्या सकाळी डच किनाऱ्याजवळ या एकट्या जर्मन पाणबुडीने अबुकिर, होग आणि क्रेसी या तीन ब्रिटिश क्रूझर (मोठ्या युद्धनौका) दीड तासात बुडवल्या. १,४५९ माणसं गेली.

माझं स्पष्ट मत : या यशात बोटीचा वाटा फार थोडा आहे. १९१० साली डान्झिगच्या गोदीत बांधून झालेली ही बोट युद्ध सुरू होईपर्यंत जुनी झाली होती. पाण्यावर चालताना कोर्टिंगची रॉकेलवर चालणारी इंजिनं. त्यांचा धूर इतका, की लपून राहणं हेच जिचं काम ती बोट लांबून दिसायची. यू-१९ पासून जर्मनांनी डिझेल इंजिनं घेतली ती उगाच नाही. पाण्याखाली बॅटरीवर कमाल वेग ८ नॉट (तासाला सुमारे १५ कि.मी.), तोही थोडाच वेळ. क्रूझर १० नॉटने चालल्या होत्या, म्हणजे पाठलाग शक्यच नव्हता. त्या सरळ रेषेत, नागमोडी वळणं न घेता, विनाशिकांच्या (छोट्या, वेगवान युद्धनौकांच्या) सोबतीशिवाय हिच्यासमोर आल्या. खुद्द ब्रिटिश नौदलातच या ताफ्याला 'जिवंत आमिष' म्हणत. शिकार स्वतःहून दारात आली, तर शिकाऱ्याचं कौतुक किती करायचं?

पाणकोंबडा
साफ असहमत. वेगाचा मुद्दा तुम्ही उलटा मांडताय. पाणबुडीने पाठलाग करायचाच नसतो, वाटेत जाऊन थांबायचं असतं. वेडिगनने नेमकं तेच केलं आणि पहिला टॉर्पेडो सुमारे ५०० मीटरवरून सोडला.

आता आतलं चित्र बघा. पाण्यावर ४९३ टनांची बोट, पुढे दोन नळ्या, मागे दोन, एकूण सहा टॉर्पेडो. टॉर्पेडो सुटला की पुढचा भाग एकदम हलका होतो आणि नाक वर यायला बघतं. तोल सावरायला खलाशी बोटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत. माणसं म्हणजेच वजनं! आणि हे सगळं चालू असताना रिकाम्या नळीत नवा टॉर्पेडो भरायचा. पाण्याखाली राहून नळ्या भरण्याचं काम याच बोटीने युद्धाच्या जेमतेम काही दिवस आधी, १६ जुलै १९१४ रोजी, पहिल्यांदा करून दाखवलं होतं. तो सराव नसता तर क्रेसी वाचली असती. क्रेसीवर मागच्या नळ्यांतून दोन टॉर्पेडो गेले, एक चुकला. मग बोट वळवून उरलेला शेवटचा पुढून सोडला. याला नशीब म्हणायचं?

दर्यावर्दी
सराव मान्य. पण तो खलाशांचा, रचनेचा नाही. पुढचा प्रवास बघा ना. १५ ऑक्टोबरला स्कॉटलंडच्या ॲबर्डीनजवळ हॉक ही ब्रिटिश क्रूझर बुडवली, नंतर बाल्टिकमध्ये गेली, आणि १९१६ च्या एप्रिलपासून प्रशिक्षणाला. उत्तम शस्त्र ऐन युद्धात शाळेत पाठवतात का?

पाणकोंबडा
पाठवतात, त्याहून चांगलं शस्त्र हाती आलं की. सहा वर्षांची बोट तेव्हा म्हातारीच. शिवाय वेडिगन पुढे यू-२९ या नव्या डिझेल बोटीवर गेला आणि १८ मार्च १९१५ ला ड्रेडनॉट या ब्रिटिश युद्धनौकेने तिला धडक देऊन बुडवलं. सगळे गेले. नुसती नवी बोट असून भागत नाही, हेही त्यातूनच दिसतं.

शिडाची_होडी
दोघंही बोटीबद्दल बोलताय, मला माणसांबद्दल बोलायचंय. अबुकिरला धक्का बसला तेव्हा कप्तान ड्रमंडला वाटलं, सुरुंग लागला. त्याने बाकीच्या दोघींना मदतीला बोलावलं. होग थांबून बुडणाऱ्यांना वाचवत असताना तिला दोन टॉर्पेडो लागले. या जहाजांवर बरेचसे राखीव दलातले बाप्ये होते आणि डार्टमथच्या नौदल विद्यालयातून थेट आलेली पोरंही. अशी पंधरा वर्षांची मुलं त्या थंड पाण्यात होती. मदतीला थांबलेल्या जहाजावर वार करणं मला पचत नाही, ते युद्धनौका असलं तरी.

पाणकोंबडा
तुमची वेदना समजते. पण होग इस्पितळ-जहाज नव्हतं, तिच्यावर तोफा होत्या. त्यानंतर ब्रिटिश नौदलाने हुकूमच काढला की पाणबुडीचा धोका असेल तिथे मोठ्या जहाजांनी मदतीला थांबायचं नाही. ८३७ जण वाचले ते डच जहाजांनी, मच्छीमारांनी आणि नंतर पोचलेल्या विनाशिकांनी उचलले म्हणून.

मद्रासी_मराठी
एक योगायोग सांगतो. त्याच २२ सप्टेंबरच्या रात्री एमडन या जर्मन क्रूझरने आमच्या मद्रासवर तोफा डागून तेलाच्या टाक्या पेटवल्या. पुढे कैसरने, म्हणजे जर्मन सम्राटाने, लोखंडी क्रॉस या युद्धपदकाचा मान ज्या दोन जहाजांना दिला, त्या याच, एमडन आणि यू-९. मला वाटतं यू-९ ची कीर्ती अशीही वाढवली गेली. फ्रान्समधल्या मार्न नदीवरच्या लढाईत जर्मन सैन्य नुकतंच मागे हटलं होतं, घरच्यांना सांगायला काहीतरी हवं होतं.

दर्यावर्दी
हे पटलं. क्रेसीबद्दलही मी मागे येतो. ते कसबच होतं, आणि ते खलाशांचं म्हणून मोजलं तरी कमी ठरत नाही. पण अबुकिर आणि होगचा हिशेब मी लंडनच्या नौदल कचेरीच्या नावेच मांडीन. जुन्या क्रूझर तिथून हलवा असं तेव्हाचा नौदलमंत्री चर्चिलने १८ सप्टेंबरलाच लिहिलं होतं. चार दिवस होते हातात.