अनुभव: आमच्या बाई कधीकाळी बास्केटबॉल खेळायच्या

लुसिया हॅरिसवरचा, ऑस्कर मिळालेला लघुमाहितीपट परवा पुन्हा पाहिला. अमेरिकेतल्या मिसिसिपीमधल्या डेल्टा स्टेट विद्यापीठाला १९७५, ७६ आणि ७७ अशी सलग तीन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून देणारी, सहा फूट तीन इंच उंचीची मुलगी. १९७६ला माँट्रियलमध्ये बायकांचं बास्केटबॉल ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आलं, त्यातला पहिला बास्केट हिचा. पुढच्या वर्षी न्यू ऑर्लिन्स जॅझनं, म्हणजे चक्क पुरुषांच्या संघानं, ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात तिथे, तिचं नाव घेतलं. ती गेली नाही. तेव्हा तिला दिवस गेले होते. नंतर थोडं व्यावसायिक खेळली आणि ग्रीनवुडला ज्या शाळेत शिकली होती तिथेच शिकवलं, मुलींना खेळवलं.

समोर कोण उभं आहे, हे वर्गातल्या पोरांना ठाऊक असेल का? अशा बाई तुम्ही असाल किंवा तुम्हाला लाभल्या असतील, तर लिहा. शाळांची नावं नकोत.

पाच नंबर
मी. विद्यापीठाकडून तीन वर्षं खेळले, मग गुडघा गेला, मग बी.पी.एड. पहिल्या दिवशी कपाटाची किल्ली मिळाली. आत तीन बॉल, त्यातला एक व्हॉलीबॉलचा, उरलेले दोन बसलेले. पंप होता, सुई नव्हती. ती स्वतः आणली. (थुंकी लावून घालायची, कोरडी घातली की व्हॉल्व्ह फाटतो.) रिंगखाली स्टाफच्या स्कूटर. परीक्षा जवळ आली की पी.टी.चा तास गणिताला, हे तर सगळीकडेच.

सातवीच्या मुलींना ले-अपची, म्हणजे धावत येऊन रिंगजवळ उडी मारून बॉल टाकायची, पावलं काही केल्या जमेनात. शेवटी वर्गातला खडू आणला आणि कोर्टवर पावलं काढली. एक जण म्हणाली, "मॅडम, गौरी येणारेत का?" सगळ्या हसत सुटल्या. पण त्या दिवशी अकरा जणींचं पाऊल बरोबर पडलं. मोजलं होतं मी.

मागचा बाक
आमच्या भूमितीच्या बाईंची करंगळी वाकडी होती. फळ्यावर लिहिताना ती वेगळीच उभी राहायची, आम्ही नक्कल करायचो. दहावीच्या निरोपाला मुली विरुद्ध शिक्षिका असा सामना झाला. बाईंनी पदर खोचला, रिंगकडे पाठ करून बॉल घेतला, एका पायावर वळल्या आणि डोक्यावरून एका हातानं हुक शॉट टाकला. जाळीला फक्त सर्रकन आवाज. करंगळी कशानं वाकडी झाली, हे विचारायची हिंमत मला त्यानंतर झाली. आंतरविद्यापीठच्या सामन्यात, रिबाउंड (रिंगवरून परत आलेला बॉल) घेताना.

कडू कॉफी
थोडं वेगळं बोलते. शासकीय नोकरीच्या ५ टक्के खेळाडू आरक्षणात मीही अर्ज केला होता. प्रमाणपत्र पडताळणी अडकली ती अडकलीच, तोवर वय उलटलं. शिकवायला आवडतं मला, मुलंही जीव लावतात. पण 'खेळ सोडून अध्यापनाकडे वळल्या' असं कुणी सत्कारात म्हटलं की पोटात ढवळतं. वळले कुठे? पुढे रस्ताच नव्हता. मी पुरुष असते तर पुढे खेळायला वाव मिळाला असता, असं लुसियाही त्या माहितीपटात म्हणते. हसतमुखानं म्हणते, म्हणून आपल्याला गोड वाटतं इतकंच.

टेक्सासची मावशी
इकडे लेकीच्या शाळेत कोच म्हणजेच इतिहासाच्या बाई. निबंध दिला नाही म्हणून त्यांनीच तिला शुक्रवारच्या सामन्यात न खेळवता बेंचवर बसवलं. तक्रार करायला जाणार कुणाकडे?

मागचा बाक
@पाच नंबर, पावलं नक्की कशी काढता? भाचीला शिकवायचंय.

पाच नंबर
रिंगच्या उजवीकडून तिरकं यायचं. आधी उजवं, मग डावं, तिथूनच उडी, बॉल उजव्या हातानं. डाव्या पावलाला रंगीत खडू वापरा. भाची डावखुरी असेल तर सगळं उलट, आणि डावीकडून. सकाळी लवकर काढा, ऊन तापलं की मुली अनवाणी उभ्या राहत नाहीत.