खालच्या मजल्यावरचं न्हाणीघर: तुम्ही काय केलंत?

आमचं घर दापोली तालुक्यात, उतारावर. रस्त्याकडून पाहिलं तर एकमजली, पण मागीलदारी उतरलं की खाली चिऱ्याची मोठी खोली आहे. तिच्या दोन बाजू मातीत गेलेल्या. आजवर तिथे लाकडं रचायचो, मे महिन्यात आंब्याची आढी घालायचो. आता सासूबाईंना जिना चढवत नाही. खालच्या खोलीतून त्यांना थेट परसात जाता येतं, म्हणून त्यांची सोय तिथेच करतो आहोत. संडास-न्हाणीसाठी आठ बाय पाच फूट जागा निघते. अडचण अशी की जुनी सेप्टिक टाकी वर, रस्त्याच्या अंगाला आहे. ज्यांनी असं काम केलं आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा. चुका झाल्या असतील तर त्या आधी.

गुहागर
आम्ही लादी आधी पसंत केली आणि पातळी नंतर मोजली. तीच चूक. चार इंची पाईपाला चाळीसात एक उतार धरा, म्हणजे 22 फुटांना साधारण साडेसहा इंच. आमच्या टाकीचं तोंड जमिनीपेक्षा जेमतेम चार इंच खाली होतं, त्यात कमोडच्या ट्रॅपला (खालच्या, पाणी धरून ठेवणाऱ्या वाकाला) लागणारी खोली वेगळीच. प्लंबरने तोडगा काढला, न्हाणीची जमीन फूटभर उचलायची. दोन पायऱ्या आल्या, तुळईला डोकं लागायला लागलं, आणि आईला त्या पायऱ्या चढवेनात. जिच्यासाठी केलं तिलाच ते वापरता येईना. वर्षभराने सगळं फोडलं आणि उताराच्या बाजूला दुसरी टाकी बांधली.
पण तिथेही घाई नको. उताराखाली शेजाऱ्यांची विहीर होती. जांभ्यातून पाणी भराभर झिरपतं, म्हणून शोषखड्डा विहिरीपासून किमान 60 फूट लांब घेतला. शेजाऱ्यांना आधी बोलावून जागा दाखवली. ते बरं झालं.

श्रीवर्धन
तुमच्यासारखीच टाकी वर, म्हणून आम्ही खाली छोटी टाकी करून मैला वर ढकलणारा पंप बसवला. दोन वर्षं उत्तम चालला. मग 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. वीज गेली ती कित्येक दिवस आली नाही. खालची टाकी दुसऱ्याच दिवशी भरली. वडील अंथरुणाला खिळलेले, वरचे पत्रे उडालेले. ते दिवस आठवले की अजून पोटात कालवतं. पंप वाईट नाही, पण आपल्या किनाऱ्यावर म्हाताऱ्या माणसाचा संडास विजेच्या भरवशावर ठेवू नका. गुहागरकरांसारखी खालची टाकी जमत असेल तर तीच करा.

चिपळूण
22 जुलै 2021 च्या पुरात आमच्या खालच्या खोलीत पाणी दारातून यायच्या आधी नहाणी ट्रॅपमधून, म्हणजे न्हाणीच्या जमिनीतल्या जाळीतून, वर आलं. गटाराचं पाणी, घाणीसकट. तुम्ही डोंगरावर आहात, पण खालची टाकी पावसात भरली तर तेच होऊ शकतं. बाहेरच्या चेंबरमध्ये उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह बसवा आणि तो हाताने उघडून साफ करता येईल असा ठेवा. आमचा पहिला लादीखाली गाडला होता, काहीच उपयोग नाही. गिझर आणि बटणं छातीच्या वर घ्या.

कुडाळ
मातीकडच्या भिंतींबद्दल कोणीच लिहिलं नाही. श्रावणात जमिनीला पाझर फुटले की चिरा आतून गळतो. आम्ही दोनदा वॉटरप्रूफ गिलावा केला, दोन्हीदा फुगून पडला. शेवटी आमच्याकडचे जुने गवंडी आले. ते म्हणाले, "आधी पाणी खंय जातलां ता सांगा, मगे लादी बघू." त्यांनी मातीकडच्या भिंतीपासून चार इंच सोडून आत दुसरी बारीक भिंत घातली, मधल्या फटीत तळाला पन्हळ केली आणि ती परसात काढली. सगळे नळ, पाईप, कमोड या आतल्या भिंतीला किंवा उघड्या बाजूला. जागा थोडी गेली, पण पाच पावसाळे भिंत कोरडी आहे. बाहेर, घराच्या वरच्या अंगालाही चर खणाच.
खिडकी उघड्या बाजूलाच ठेवा. एक्झॉस्ट पंखा असला तरी जुलैत त्याच्या एकट्याने बुरशी आटोक्यात राहत नाही.

अलिबाग
विहिरीचं पाणी मचूळ असेल तर स्वस्त चकचकीत नळ घेऊ नका, वर्षात हिरवे पडतात. आम्ही प्लास्टिकचे लावले.

राजापूर
मांडणीचं सांगते. दार बाहेर उघडणारं, म्हणजे आत कोणी पडलं तरी उघडता येतं. दाराशी बेसिन, मग कमोड, आणि अंघोळीची जागा सगळ्यात शेवटी. लादीचा उतार दारापासून तिकडे, म्हणजे पाऊल टाकायची जागा कोरडी राहते. कमोडचा मध्य बाजूच्या भिंतीपासून 15 इंच तरी हवा, धरायची दांडी असेल तर 18. ही दांडी गिलाव्याआधी ठरवा, चिऱ्यात नंतर भोकं पाडली की खिळा धरत नाही. उंबरठा अजिबात नको.

दापोली (धागाकर्ती)
सर्वांचे मनापासून आभार. उद्या गवंडी येणार आहेत. पाणसळीची नळी धरून आधी पातळी बघते आणि खालच्या विहिरीपर्यंत टेप लावते. कुडाळकर, एक विचारायचं राहिलं: त्या मधल्या फटीत पालापाचोळा, उंदीर जाऊ नयेत म्हणून पन्हळीच्या तोंडाला काय लावलंत?