मुलांच्या खोलीत हीटर म्हणजे लाड? शेगडीवाल्यांना एकदाचं उत्तर

उंबरठा
निफाडचा पारा घसरला की दरवर्षी एक लेख फिरायला लागतो. यंदाचा थोडक्यात असा: "हीटर हवेतला ऑक्सिजन खातो, मुलं नाजूक होतात. पूर्वी खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी, अंगावर गोधडी आणि डोक्याला कानटोपी एवढ्यावर पिढ्या ठणठणीत वाढल्या." खाली अंगठेच अंगठे. म्हणून सविस्तर लिहितोय.

विजेच्या हीटरमध्ये काहीच जळत नाही, मग तो ऑक्सिजन खाणार कुठून? खाते ती शेगडी. वर कार्बन मोनॉक्साइड सोडते, ज्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपट जोराने चिकटतो आणि झोपलेला माणूस जागा होत नाही. लहान मुलांचा श्वास जलद, त्यामुळे त्यांना आधी बाधतो. कौलारू घरात फटी होत्या म्हणून निभावलं. बंद काचांच्या फ्लॅटमध्ये निभणार नाही.

आता खोली किती गरम हवी? जागतिक आरोग्य संघटना घरात किमान १८ अंश म्हणते, ब्रिटनमध्ये तान्ह्या बाळासाठी १६ ते २० सांगतात. २५ करायची गरज नाही, उलट घातक, कारण बाळाला जास्त उकडणं हे झोपेतल्या अचानक मृत्यूच्या धोक्यांपैकी एक आहे. थर्मामीटर गादीच्या उंचीवर टांगा, बाहेरच्या भिंतीवर नको.

हीटर आणण्याआधी खिडकी बघा. स्लायडिंगच्या शटरला खाचेत जो ब्रश असतो (दुकानात वुलपाइल मागा) तो चार-पाच वर्षांत चपटा होतो. शटर उतरवून जुना ओढून काढायचा, खाचेची रुंदी आणि केसांची उंची मोजून त्याच मापाचा आणायचा. उंची जास्त झाली तर शटर सरकत नाही. मधल्या जोडावर दोन शटरांचे इंटरलॉक एकमेकांत बसलेत का बघा, बराच वारा तिथून येतो. खालच्या ट्रॅकची बाहेरची भोकं मात्र एम-सीलने बुजवू नका. ती पावसाच्या पाण्यासाठी आहेत, बुजवलीत तर जूनमध्ये गादी भिजेल.

हिशेब सांगतो. १० बाय १० ची खोली, एक नऊ इंची विटांची भिंत बाहेरच्या बाजूला, एक खिडकी, बाहेर १० आणि आत १८. एवढी ऊब टिकवायला साधारण ३०० वॅट लागतात, वर गच्ची असेल तर ५००. म्हणजे फिनवाला ऑइल हीटर लहान सेटिंगवर ठेवला तरी थर्मोस्टॅट त्याला मधून मधून बंद करत राहील. ३०० वॅट, आठ तास, अडीच युनिटांच्या आत. याला लाड म्हणायचं तर फ्रिजलाही म्हणा.

गोदाकाठ
उंबरठा, तुम्ही शेक आणि रात्रभराची शेगडी यांची गल्लत करताय. बाळंतिणीच्या खोलीत आंघोळीनंतर ओवा-वावडिंग टाकून शेगडी फिरवतात, दार उघडं असतं, निखारे राखेने झाकलेले असतात. रात्रभर ठेवा असं जाणती बाई कधीच सांगणार नाही.

आणि ते १८ अंश. ज्या देशांत घरभर हीटिंग असतं तिथला आकडा आहे. नाशिकच्या जुन्या वाड्यात पहाटे आत १३-१४ असतं आणि दोन वर्षांवरचं मूल त्यात मजेत झोपतं, अट एकच, कपडे नीट हवेत. अंगालगत सुती बनियन, वर पूर्ण बाह्यांचा फ्लीस, पायमोजे, पँट मोज्यात खोचलेली. मूल पांघरूण लाथाडतंच, म्हणून ऊब अंगातल्या कपड्यांत पाहिजे. सगळे खालून गारठतात हे कोणी बोलत नाही! फरशीवर गादी असेल तर खाली सतरंजी आणि जुनी गोधडी दुहेरी घाला. पलंग बाहेरच्या भिंतीपासून वीतभर लांब. रबरी पिशवी दोन तृतीयांश भरायची, उकळतं पाणी नाही, हवा दाबून काढायची, अंथरुणात वीस मिनिटं ठेवायची आणि मूल झोपायच्या आधी बाहेर. हे फुकट आहे म्हणून कोणी व्हिडिओ करत नाही.

उंबरठा
राखेने झाकलेला निखारा म्हणजे अर्धवट जळणारा कोळसा, मोनॉक्साइड तिथेच जास्त. धूर दिसत नाही म्हणून तर लोक फसतात. तळाशी अंथरायचं मान्य, त्यात वाद नाहीच.

तीनफेज
दोघेही छान लिहिताय, पण २००० वॅटचा हीटर सहा अँपिअरच्या सॉकेटला लावणाऱ्यांचं काय? २००० भागिले २३० म्हणजे ८.७ अँपिअर. सहाच्या सॉकेटवर १३८० वॅटच्या पुढे जाऊच नये. लोक काय करतात, सोळाचा जाड पिनवाला प्लग ॲडॉप्टर लावून छोट्या बोर्डात घुसवतात आणि तो बोर्ड नेमका पडद्यामागे! आधी पितळी पत्ती तापते, पकड सैल होते, सैल झाली की आणखी तापते, मग प्लास्टिक पिवळं पडतं. तोवर एमसीबी (करंट जादा झाला की आपोआप पडणारा स्विच) पडत नाही, कारण करंट तेवढाच आहे, उष्णता फक्त जोडात आहे. 'एमसीबी आहे ना' म्हणणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचा.

सोळाचं सॉकेट, निदान २.५ चौरस मिमी तांब्याची वायर, थेट डीबीतून (घरातल्या मुख्य वितरण पेटीतून), अर्थिंगसकट. एक्स्टेन्शन नाही. आणि ३० मिलिअँपची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच. ती नसलेल्या खोलीत मुलाजवळ दोन रॉडवाला उघडा क्वार्ट्झ हीटर ठेवणाऱ्यांना मी काही बोलत नाही.

मिवानग्रस्त
विटांची भिंत धरून हिशेब केलात! पुण्यात गेल्या काही वर्षांतल्या टॉवरांत वीट आहे कुठे? सगळं मिवान, म्हणजे सहा इंची काँक्रीट. आत २०, बाहेर ९ असेल तर नऊ इंची विटांच्या भिंतीचा आतला पृष्ठभाग १७ च्या आसपास राहतो, मिवानचा साडेचौदा-पंधरा. हीटर लावा, पहाटे कपाटामागे पाणी सुटणार आणि जानेवारीत काळी बुरशी. मुलाला खोकला, आईबाप डॉक्टरकडे. बिल्डरच्या माहितीपत्रकात मात्र 'भूकंपरोधक, गळतीमुक्त'. ऊब जाते त्याचा उल्लेख नाही.

सळईबहाद्दर
आलं बिल्डरवर. अहो, पाणी भिंतीतून येत नाही, तुमच्या श्वासातून येतं. झोपलेला माणूस तासाला ४० ग्रॅमच्या आसपास पाणी हवेत सोडतो. तिघे, आठ तास, जवळजवळ एक लिटर. त्यात 'हीटर हवा कोरडी करतो' म्हणून पातेलंभर पाणी, आणि खोलीतच दोरीवर लंगोट वाळत. खिडक्या टेपने बंद. मग बुरशी नाही तर काय मोगरा येणार?

मिवानग्रस्त
श्वास विटांच्या घरातही घेतात, साहेब. आकडे बघा. २० अंश, ६५ टक्के आर्द्रता. १७ अंशांच्या भिंतीलगत आर्द्रता ७८ टक्क्यांवर थांबते, साडेचौदाच्या भिंतीलगत नव्वदच्या वर. बुरशीला ८० पुरते. तेच कुटुंब, तोच श्वास. फरक भिंतीचा.

सळईबहाद्दर
बरं, काँक्रीट विटेच्या दुप्पट ऊब वाहून नेतं. हे सिव्हिलच्या पहिल्या वर्षाला शिकवतात, शोध लावल्यासारखं सांगू नका. उपाय सांगा ना. कपाट भिंतीपासून तीन इंच पुढे. सकाळी समोरासमोरच्या खिडक्या दहा मिनिटं सताड, भिंतीतली ऊब तेवढ्यात जात नाही, फक्त ओली हवा जाते. बाथरूमचा एक्झॉस्ट आंघोळीनंतर वीस मिनिटं. लंगोट बाल्कनीत. सुधारायचंच असेल तर आतून २५ मिमी एक्सपीएस (ऊब अडवणाऱ्या कडक फोमची) शीट आणि वर जिप्सम बोर्ड, पण शीटचे सांधे टेपने हवाबंद करा. फट राहिली तर बुरशी बोर्डामागे वाढेल आणि दिसणारही नाही. ऑनलाइन मिळणारे ते विटांच्या नक्षीचे फोमचे स्टिकर? नेमकं तेच होतं.

मिवानग्रस्त
म्हणजे फ्लॅट घ्यायचा आणि वर भिंतीला स्वेटरही आपणच घालायचा. धन्यवाद.

गोदाकाठ
मूळ विषय मुलांचा होता म्हणे. कानटोपीवर कोणी बोललंच नाही.

उंबरठा
कारण बोललो की भांडण होतं. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सचा सल्ला असा की, जन्मानंतरचे पहिले काही तास आणि नवजात अतिदक्षता कक्ष सोडला तर घरात बाळाला टोपी नको. बाळ जादा उष्णता डोक्यातून सोडतं, शिवाय टोपी नाकावर घसरते. एक वर्षाच्या आत सुटं पांघरूण, उशी, गोधडी नको. बाह्या नसलेली, मापाची झोपायची पिशवी घ्या, १६ ते २० अंशांना अडीच टॉगची (टॉग म्हणजे कापडाची ऊब मोजायचं माप). मोठ्यांपेक्षा एक थर जास्त, त्याहून नाही. हातपाय गार लागतातच, मान आणि छाती चाचपा. घाम असेल तर एक थर काढा.

गोदाकाठ
हा सल्ला गरम केलेल्या खोलीसाठी आहे. ११ अंशांच्या खोलीत, हीटर परवडत नसलेल्या घरात, महिन्याचं बाळ उघड्या डोक्याने निजवा असं लिहा बघू इथे. कमी वजनाच्या बाळाला आपल्याच दवाखान्यात टोपी-मोजे घालून आईच्या छातीशी ठेवतात.

उंबरठा
११ अंशांत नाही म्हणणार. पण मग टोपी बंदांची नको, डोक्याला घट्ट बसणारी सुती हवी, खोली गरम झाली की काढायची. आणि कमी वजनाचं बाळ असेल तर आपल्या दोघांचंही न ऐकता डॉक्टरांना विचारायचं.

गोदाकाठ
एवढंच आधी म्हणायचं होतं. शेगडी राहू द्या बाजूला, रात्रीची नको हे मी पहिल्याच ओळीत म्हटलंय. वाचायची सवय नसते लोकांना.

तीनफेज
हीटर घेतलाच तर पहिल्या रात्री अर्ध्या तासाने स्विच बंद करून प्लग काढा आणि पिनांजवळ हात न लावता प्लगच्या पाठीला बोट लावा. कोमट चालेल, चटका बसला तर सॉकेट बदला, हीटर नव्हे. पलंग-पडद्यांपासून एक मीटर अंतर, वर कपडे वाळत घालायचे नाहीत. ऑइल हीटरमधलं तेल संपत नाही, ते भरायला येतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.