मदत हवी आहे : न्यूयॉर्कच्या ‘फाइव्ह पॉइंट्स’ वस्तीतील टोळ्यांविषयी

नमस्कार. दक्षिण मॅनहॅटनमधील फाइव्ह पॉइंट्स या वस्तीतील टोळ्यांवर मी एक दीर्घ टिपण लिहीत असून एका मुद्द्यावर अडलो आहे.

बुजवलेल्या तळ्याच्या दलदलीवर उभ्या राहिलेल्या या वस्तीत १८४० च्या दशकातील दुष्काळामुळे देशोधडीला लागलेल्या आयरिश लोकांची दाटी झाली, आणि तेथील तरुणांच्या टोळ्या मतदानाच्या दिवशी टॅमनी हॉल या शहरातील डेमोक्रॅटिक पक्षाच्या संघटनेच्या पुढाऱ्यांसाठी दांडगाई करू लागल्या. जुलै १८५७ मध्ये ‘डेड रॅबिट्स’ आणि ‘बॉवरी बॉइज’ या टोळ्यांची मोठी दंगल झाली. त्याआधी जेमतेम तीन आठवडे शहराचे जुने आणि राज्याने नेमलेले नवे पोलीस दल अधिकाराच्या वादातून एकमेकांशी भिडले होते, त्यामुळे या दंगलीला केवळ गुंडगिरी म्हणणे मला पटत नाही.

पुढे त्याच गल्ल्यांत इटालियन कुटुंबे आली, शेजारी चिनी वस्ती वाढली, वस्तीतील मलबेरी बेंड या भागातल्या चाळी पाडून १८९७ मध्ये उद्यान झाले. तरीही विसाव्या शतकाच्या आरंभी पॉल केली हे आयरिश धाटणीचे नाव घेतलेला पाओलो व्हॅकारेली ‘फाइव्ह पॉइंट्स गँग’ चालवतच होता.

माझा प्रश्न असा, की रहिवासी बदलूनही टिकले ते नेमके काय : टोळीची परंपरा, की तिला पोसणारा राजकीय आश्रय? शिवाय ‘डेड रॅबिट्स’ हे नाव त्या टोळीने स्वतः घेतले होते, की वर्तमानपत्रांनी तिला चिकटवले? त्या काळातील न्यायालयीन नोंदी किंवा जनगणनेची कागदपत्रे कोणी अभ्यासली असल्यास कृपया मार्गदर्शन करावे.